चमचाभर विरजण

दार उघडलं तर रणभिसे काका उभे होते. सकाळचे दहाच वाजले असतील, पण मिरजेतला मे महिना, अंगणातली फरशी तोवर तापून निघाली होती. त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात झाकणाची छोटी काचेची बाटली. हर्नियाचं ऑपरेशन होऊन घरी येऊन त्यांना आठवडाच झाला होता. एवढं चालत यायला डॉक्टरांनी नक्कीच सांगितलेलं नसणार.

"आत या ना काका. उन्हातून कशाला आलात?"

"रिक्षा केली होती गं कोपऱ्यापर्यंत," ते म्हणाले आणि पंख्याखालच्या खुर्चीत जपून बसले. धाप लागली होती. मी आतून तांब्या-भांडं आणून त्यांच्या हातात दिलं. ते सावकाश पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"प्रमिला, चमचाभर विरजण दे."

विरजण म्हणजे दह्याचं नव्हे. माशांच्या अगदी कोवळ्या पिल्लांना वाळकं खाणं चालत नाही. डोळ्यांसमोर हलेल तेच ती खातात, आणि तेही त्यांच्या इवल्याशा तोंडात मावेल एवढंच हवं. त्यासाठी आम्ही घरात मायक्रोवर्म वाढवायचो. केसाहून बारीक, पांढरट कृमी. ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज करायची, गार झाली की चिमूटभर यीस्ट भुरभुरायचं आणि जुन्या डब्यातला चमचाभर लगदा तिच्यावर सोडायचा. चार-पाच दिवसांत डब्याच्या कडांवर ते चढू लागतात, उजेडात धरलं की भिंत हलल्यासारखी दिसते. बोटानं पुसून घ्यायचे आणि पिल्लांच्या पाण्यात बोट बुडवायचं. डबा तीनेक आठवडे चालतो, मग सडतो. सडायच्या आत चमचाभर काढून नवा डबा लावायचा. म्हणून काका त्याला विरजण म्हणायचे. माझं पहिलं विरजण त्यांनीच दिलं होतं, चार वर्षांपूर्वी, औषधाच्या बाटलीत घालून.

"तुमचे डबे?" मी विचारलं.

"गेले. मी दवाखान्यात होतो ना, सूनबाई आली होती पुण्याहून. तिनं घर स्वच्छ केलं." ते जरा हसले. "तिची काय चूक. झाकण उघडलं असेल, तो वास, आत वळवळणारे किडे. तिनं सगळे डबे घासून पालथे घातले होते ओट्यावर. लख्ख."

"आणि मासे?"

"शेजारचे शिकलगार खाणं टाकत होते बिचारे. पण ऊन फार झालं यंदा. दुधी सगळे गेले. एक जोडी तेवढी राहिली होती."

दुधी म्हणजे त्यांचे पांढरे फायटर मासे. नुसते पांढरे नव्हेत. साय धरलेल्या दुधासारखा रंग आणि शेपटीच्या काठाला निळसर धूर. बारा वर्षं जोड्या निवडून निवडून त्यांनी तो रंग आणला होता. वहीत प्रत्येक पिढीची नोंद होती. तसला मासा मी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता, आणि त्यांनी तो कुणाला दिलाही नव्हता. रंग पक्का झाल्याशिवाय द्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मादीचं आता होत नव्हतं," ते सांगू लागले. "थकली होती. थांबलो असतो तर ती तशीच गेली असती. म्हणून आल्या आल्या जोडी सोडली. अंडी दिली तिनं, आणि परवा मेली. पण पिल्लं निघालीयत. दोनशे-अडीचशे असतील. काल रात्रीपासून आडवी पोहायला लागलीयत. म्हणजे पोटातलं संपलं त्यांचं. आज काहीतरी द्यायला हवं."

"विरजण नसताना जोडी सोडलीत?"

"तुझ्याकडे आहे म्हणूनच सोडली की. नाहीतर असला धोका मी पत्करला असता का?" त्यांनी बाटली पुन्हा माझ्याकडे सरकवली. "आणि यातली पहिली जोडी तुझी. मनात कधीचं आहे. आता तुला द्यावी अशी झालीस."

आता तुला द्यावी अशी झालीस. ते वाक्य त्यांनी मायेनं म्हटलं होतं. आज मला ते कळतं.

त्या वेळी मला कोल्हापूरचं मंगल कार्यालय आठवलं.

त्याआधी काका आणि मी एकमेकांना कसे भेटलो ते सांगायला हवं. मी सांगलीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि आवट्यांच्या घरात आले. नोकरीचा विषय मी दोनदा काढला. दुसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात नाही तसं," आणि तो विषय मिटला. आमचे हे सरळ माणूस, वीज मंडळात होते, पण आईपुढे बोलायचे नाहीत. पुढे सासूबाईंना साखर निघाली. त्यांचं रक्त तपासायला मी त्यांना दर महिन्याला लॅबमध्ये घेऊन जायचे. तिथे रणभिसे काका तंत्रज्ञ होते, निवृत्तीला आलेले. एकदा ते मायक्रोस्कोपवर वाकले होते, मी न राहवून विचारलं, "मला बघू देता?" त्यांनी काही न विचारता स्टूल मोकळं करून दिलं. सहा वर्षांनी मी त्या नळीला डोळा लावत होते. खाली पाण्याच्या थेंबात डाफ्निया होता, पाणपिसू. त्याचं हृदय पारदर्शक अंगातून धडधडताना दिसत होतं. मी इतका वेळ बघत राहिले की सासूबाई बाहेरून हाका मारू लागल्या.

"हे रक्तातलं नाही," काका म्हणाले, "माझ्या घरचं आहे. माशांसाठी वाढवतो. तुला पाहिजे तर देईन."

तिथून सुरुवात झाली. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं, आणि मी माठाशेजारच्या गारव्याला किड्यांचे डबे ठेवू लागले. मागच्या अंगणात सिमेंटच्या टाकीत पाणपिसवा. ओळीनं बरण्या, एकेका बरणीत एकेक फायटर, मध्ये पुठ्ठे, एकमेकांना दिसले तर भांडतात म्हणून. सासूबाई त्या बाजूला पायही ठेवत नसत. "जीव घालून जीव वाढवायचे, हे कसलं पुण्य," म्हणायच्या. पण मी सोडलं नाही. त्या घरात तेवढंच माझं होतं.

चौथ्या वर्षी माझा एक निळा नर फार देखणा निघाला. फेब्रुवारीत कोल्हापूरला एका मंगल कार्यालयात माशांचं प्रदर्शन होतं. मी भीत भीत ह्यांना विचारलं, आणि कसं कोण जाणे, हे हो म्हणाले. सासूबाईही म्हणाल्या, अंबाबाईचं दर्शन होईल. लग्नानंतर पहिल्यांदा माझं काही बघायला घरचे आले होते. माझी बरणी शेवटच्या दोघांत आली. पुण्याहून आलेले परीक्षक दोन्ही बरण्यांपुढे घुटमळत होते. काका त्या भागातले जुनेजाणते, त्यांना मुद्दाम बोलावलेलं. परीक्षकांनी विचारलं, "रणभिसे, तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी चष्मा वर केला, माझ्या बरणीशी वाकले. भोवती पंचवीस-तीस माणसं होती. माझे घरचे पुढेच उभे होते.

"शेपूट छान आहे," ते म्हणाले. "पण पाठ बघा. इथे, परापाशी, वाक आहे. अजून एक-दोन पिढ्या लागतील. बाई मेहनती आहेत, मी ओळखतो त्यांना. पुढच्या वर्षी येतील."

दुसऱ्या बरणीला नंबर मिळाला. परतीच्या गाडीत हे म्हणाले, "जाऊ दे गं, मासेच आहेत." सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. जयसिंगपूर गेल्यावर म्हणाल्या, "तुझ्या गुरूनंच सांगितलं की चारचौघांत. अजून जमलेलं नाही म्हणून."

पाठीत वाक होता. मला आधीपासून माहीत होतं. काका खोटं काहीच बोलले नव्हते. पण ती गोष्ट त्यांनी मला घरी सांगितली असती तर चाललं असतं, असं मी अडीच महिने मनात घोळवत होते. त्यांच्या ऑपरेशनलाही मी एकदाच, पाच मिनिटं जाऊन आले होते.

आणि आता ते माझ्या घरात बसून सांगत होते, की मला द्यावी अशी मी झाले.

"काका," मी म्हटलं, "माझेही गेले."

हे बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. नाही म्हणायचंही नव्हतं. फक्त त्यांनी जरा अडावं, एवढंच कुठेतरी आत होतं. शब्द तोंडातून गेला आणि मग तो परत घ्यायचा तर खोटं बोलले हेही सांगावं लागणार होतं.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"उन्हानं. सगळे सडले."

ते माझ्याकडे बघत होते. मला ते बघणं सोसवेना, म्हणून मी आत गेले. माठाशेजारी ओल्या फडक्याखाली चार डबे होते, भरलेले. मी बाजूचा पाचवा उचलला, टाकून द्यायला काढलेला, तपकिरी पाणी सुटलेला, आणि बाहेर आणून त्यांना दाखवला. त्यांनी मागितला नसताना मी पुरावा आणून दिला. काकांनी तो हातात घेतला, उजेडाकडे कलता केला, नाकाशी नेला आणि झाकण लावून मला परत दिला.

"वाईट झालं," ते म्हणाले.

"अंड्याचा बलक देऊन बघा ना. फडक्यातून पिळून."

"काल रात्री दिला थोडा. पाणी खराब झालं, तीस-चाळीस त्यातच गेली. तळ्यातलं हिरवं पाणी आणलं असतं, तर तळं आटलंय." ते उठले. उठताना एका हातानं पोट धरलं. "बेळगावला कॅम्पात फर्नांडिस आहे. त्याच्याकडे नक्की असणार. दुपारच्या पॅसेंजरनं जातो."

"तुम्ही? या अवस्थेत?"

"आणखी कोण जाणार?"

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसवलं. रिक्षा वळली तरी मी तिथेच उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

त्या दिवशी मी माझ्या पिल्लांना दोनदा खाऊ घातलं. नेहमीप्रमाणे बोट बुडवलं आणि ती धावत आली, काचेशी झुंबड उडवली. संध्याकाळी सासूबाई देवळातून आल्या, मी ह्यांचा डबा धुतला, भाकऱ्या केल्या. दुसऱ्या दिवसाची दुपारही गेली.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास बेल वाजली. दारात काका. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा झालेला. खांद्याला शबनम पिशवी. ते बसले नाहीत. उभ्यानंच पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. दोन्हीत तळाला पांढरट लगदा होता.

"मिळालं," ते म्हणाले. "स्टेशनवरून सरळ इकडेच आलो. एक तुझी."

"माझी?"

"तुझेही गेलेत ना. तुझीही पिल्लं उपाशी असतील."

त्यांचा हात पुढे होता. मला त्या क्षणी सांगता आलं असतं. माझ्याकडे आहे काका, चार डबे आहेत, मला माफ करा, तुम्ही पळा घरी. एवढंच. मी हात पुढे केला आणि बाटली घेतली.

"थँक्यू काका," मी म्हणाले.

सासूबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली बाटली पाहिली.

"आता हे आणि काय?"

"विरजण आहे, बाई," काका म्हणाले. "किड्यांचं."

"अजून?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, आत चार डबे भरलेत की माठापाशी. मला पाण्याला हात लावायची किळस येते. तुम्ही तरी सांगा हिला, रणभिसे."

त्यांच्या बोलण्यात काहीही नव्हतं. त्यांना नेहमीची तक्रार करायची होती, ती केली आणि त्या आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

मी मान खाली घातली होती. काकांच्या चपला दिसत होत्या, त्यांच्यावरची लाल माती. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी बोलावं, असंही वाटत होतं. त्यांनी उरलेली बाटली पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद नीट खांद्यावर घेतला.

"निघतो मी, आवटीबाई," ते म्हणाले.

चार वर्षांत त्यांनी मला कधी आवटीबाई म्हटलं नव्हतं.

पिल्लं वाचली नाहीत. हे मला दोन दिवसांनी बाजारात शिकलगारभाभींकडून कळलं. काका पोचले तेव्हा पंधरा-वीस उरली होती, तीही तळाला टेकलेली. त्यांनी विरजण टाकलं, पण खायची ताकद असायला हवी ना. सकाळपर्यंत तीही गेली. "रडले नाहीत," भाभी म्हणाल्या, "पण टाकीपुढे बसून होते खुर्ची घेऊन. आमच्यांनी चहा नेला, तो तसाच." आठवड्यानं तो म्हातारा नरही मेला. दुधी संपले.

मी भेटायला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत पावसाळा आला, दिवाळी झाली. सासूबाईंच्या रक्ताच्या तपासणीला काकांच्या जुन्या लॅबऐवजी आम्ही दुसरीकडे जाऊ लागलो. फेब्रुवारीत पुन्हा कोल्हापूर. माझ्या निळ्याचा मुलगा होता, पाठ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. पहिला नंबर मिळाला. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. परीक्षक तेच होते. ढाल देताना त्यांनी विचारलं, "रणभिसे दिसत नाहीत यंदा?" मी म्हटलं, "तब्येत बरी नसते त्यांची." तीही थाप होती. मला ठाऊकच नव्हतं.

त्या मे महिन्यात कळलं, की मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेतोय. निघायच्या आदल्या सकाळी मी गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत पुस्तकांची खोकी बांधलेली, भिंतीवर ख्रिस्ताच्या तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन. काचेच्या टाक्या धुऊन एकात एक ठेवलेल्या. काका जमिनीवर बसून मायक्रोस्कोपला जुन्या लुगड्यात गुंडाळत होते. वर्षभरात फार वाळले होते.

"या," ते म्हणाले. "बसा."

मी बसले नाही. येताना वाटेत शंभरदा घोकलं होतं, ते एका दमात बोलून टाकलं. "काका, गेल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा माझ्याकडे विरजण होतं. मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"हो, आईंनी सांगितलंच तुमच्यासमोर. पण मी..."

"त्याच्या आधीपासून," ते म्हणाले. ते गाठ मारत होते, वर बघितलं नाही. "पहिल्याच दिवशी. तुम्ही मला पाण्याचं भांडं दिलंत ना, तेव्हा तुमच्या अंगठ्याच्या नखापाशी ते किडे होते. नुकतंच खाणं घालून आला असाल. हलत होते. माझा जन्म बारीक वस्तू बघण्यात गेलाय, बाई. मला चष्म्याशिवायही दिसले असते."

बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "मागायला आलो होतो. मागितलं. तुम्ही नाही म्हणालात. त्याच्यापुढे आणखी काय बोलतात?"

"मग बेळगावहून माझ्यासाठी कशाला आणलंत?"

त्यांनी लुगड्याची सैल झालेली घडी पुन्हा घट्ट केली.

"मला बघायचं होतं, तुम्ही घेता का."

मी धुतलेल्या टाक्यांकडे बघितलं.

"घेतलंत," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता तुम्ही आलाच आहात तर माझंही सांगून टाकतो. स्टेशनवरून मी सरळ घरी जायला पाहिजे होतं. पिल्लं मरायला लागलीयत, हातात खाणं आहे, आणि मी रिक्षा तुमच्याकडे वळवली. ते चांगुलपणानं नाही वळवली. गाडीत तेवढा एकच विचार होता, की ही बाई हात पुढे करते का बघू. अर्धा तास गेला. तेवढ्यानं वाचली असती असं नाही. पण नसतीच वाचली, असंही मला म्हणता येत नाही."

"काका, त्यात तुमचा काय दोष?"

"तो मी बघीन," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं. उंबऱ्यापाशी दगड निखळलाय, जपून, असंही म्हणाले. मी नमस्काराला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. दीड वर्षानं ते पुण्यात वारल्याचं कळलं.

याला आता तेवीस वर्षं झाली. सासूबाई नाहीत. मासे मी कधीच सोडून दिले, टाकीत आता तुळस आहे. ही हकिकत मी ह्यांना सांगितली आहे, माझ्या बहिणीला सांगितली आहे. दोघंही म्हणाले, जाऊन कबूल केलंस ना, मग झालं.

पण काकांना जे आधीच माहीत होतं तेवढंच मी कबूल केलं होतं. एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ती मी त्या दिवशी सांगितली नाही, आणि नंतर ह्यांनाही नाही.

काका बेळगावला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, मी त्यांच्या घरी गेले होते. पिशवीत एक भरलेला डबा होता, चारांतला सगळ्यात चांगला. घराला कुलूप होतं. खिडकीचं एक दार उघडं होतं आणि पिल्लांची टाकी खिडकीलगतच होती. मी गजांना कपाळ लावून आत पाहिलं. पिल्लं जिवंत होती. शे-दीडशे तरी असतील, उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगते तशी पाण्यात सगळीकडे पसरलेली, वर-खाली होत काहीतरी शोधत होती.

शिकलगारभाभी वाळवण घालायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं.

"काका उद्या-परवा येतील की आज, नक्की नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. "किल्ली आहे माझ्याकडं. देऊ का? मासे बघायला सांगून गेलेत का तुम्हाला?"

किल्ली घेतली असती तर पिल्लं संध्याकाळपर्यंत पोट भरून पोहत राहिली असती. पण मग काका आल्यावर भाभींनी सांगितलं असतं की आवटीबाई येऊन खाऊ घालून गेल्या, आणि त्यांनी विचारलं असतं, काय घातलं.

"नको," मी म्हटलं. "सहज आले होते."

पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घरी आले.